कमर्शियल ओव्हनचा कंट्रोल बोर्ड बदलायचाय? आधी तो कशाने गेला ते शोधा, नवा बोर्ड सगळ्यात शेवटी उघडा

नवा बोर्ड टाकला, चार दिवस ओव्हन झकास चालला आणि पाचव्या दिवशी परत डिस्प्ले बंद, ही तक्रार सारखी कानावर येते. मग खापर बोर्डवर फुटतं, पीस खराब निघाला म्हणून. पीस खराब निघतो कधी कधी, नाही असं नाही, पण जास्त वेळा काय झालेलं असतं तर पहिला बोर्ड ज्या कारणाने गेला ते कारण तसंच ओव्हनमधे बसलेलं असतं, नाहीतर नवा बोर्ड बसवताना हातानेच मारलेला असतो. दोन्ही टाळता येतं, फक्त कामाचा क्रम पाळला पाहिजे.

हे लिहितोय ते बेकरी-हॉटेलचं मेंटेनन्स बघणाऱ्यांसाठी आणि थ्री फेजवर काम करायची सवय असलेल्या वायरमनसाठी. रोटरी रॅक ओव्हन, डेक ओव्हन, कन्व्हेक्शन, पिझ्झाचा कन्व्हेयर, सगळ्यांना साधारण हाच क्रम लागू पडतो. मालक लोकांनी वाचा जरूर, पण थ्री फेजला हात लावायची सवय नसेल तर पॅनल स्वतः उघडू नका, वाचून एवढं करा की आलेल्या माणसाला योग्य प्रश्न विचारा.

सावधान: ज्या ओव्हनमधे मायक्रोवेव्ह पण आहे तो या लेखात धरलेला नाही. त्यातल्या हाय व्होल्टेज कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि लाईन बंद केल्यावरही तो जीव घेऊ शकतो. त्याला त्याचाच माणूस बोलवा.

## १. झाकण उघडायच्या आधी

डिस्प्ले चालू असेल तर पहिलं काम म्हणजे सेटिंग लिहून घ्या. सेन्सरचा प्रकार, ऑफसेट, हाय लिमिट, टायमर, स्टीम किती सेकंद, फॅन किती वेळाने उलटा फिरतो, बर्नरचा डिले, जे जे मेन्यूत दिसेल ते सगळं मोबाईलवर एकेक स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. नवा बोर्ड कंपनीच्या सेटिंगवर येतो, तुमच्या पावाच्या आणि खारीच्या सेटिंगवर नाही. बोर्ड पूर्ण मरायच्या आधी ही माहिती वाचवायची हीच वेळ आहे, नंतर आठवणीने भरत बसलात तर दोन-चार ट्रॉल्या माल करपून मगच सेटिंग जुळतं.

मग लक्षण नीट विचारा, आणि ते मालकाला न विचारता भट्टीवर उभ्या असणाऱ्या माणसाला विचारा. ओव्हन एकदम बंद पडला का हळूहळू त्रास द्यायला लागला, लाईट जाऊन आल्यावर झालं का, आदल्या दिवशी ओव्हन पाण्याने धुतला होता का, जवळपास वेल्डिंग झालं होतं का. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक आपणहून देत नाहीत.

आता ओव्हनच्या इनकमरवर, म्हणजे ओव्हनला लाईन येते तिथे, मल्टिमीटर लावा. फेज ते फेज ४१५ च्या आसपास, प्रत्येक फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. हे लोड नसताना बघा आणि मग हीटर किंवा मोठ्या मोटर चालू असताना परत बघा. लोड आल्यावर एक फेज २६०-२७० दाखवायला लागली आणि दुसरी १८०-१९० ला उतरली तर न्यूट्रल लूज आहे, आणि तुमचा बोर्ड कशाने गेला त्याचं उत्तर मिळालं. न्यूट्रल ते अर्थिंगही बघा, दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, लोडवर ते वाढत चाललं तर न्यूट्रलचा जॉइंट नाहीतर अर्थिंग तपासायला घ्या.

## २. लाईन तोडा, आणि तुटली का ते मोजून बघा

ओव्हनचा एमसीबी नुसता खाली करून भागत नाही. बऱ्याच बेकऱ्यांमधे जनरेटर आहे, ऑटो चेंजओव्हर आहे, काहींनी कंट्रोलरला वेगळ्या यूपीएसवरून लाईन दिलेली असते म्हणजे लाईट गेली तरी टायमर चुकत नाही. अशा ठिकाणी मेन बंद करून हात घातला की दुसऱ्या वाटेने २३० उभेच. त्यामुळे ओव्हनचा स्वतःचा आयसोलेटर बंद करा, त्याला कुलूप घाला, काम चालू असल्याची पाटी लावा आणि कंट्रोलची दुसरी लाईन कुठून येते का ते शोधून तीही काढा. गॅसचा ओव्हन असेल तर गॅसचा कॉकपण बंद.

मग मीटर आधी चालू लाईनवर लावून तो बरोबर दाखवतोय ना बघा, नंतर तुटलेल्या लाईनवर लावा आणि परत एकदा चालू लाईनवर. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे लाईन नाही असं धरून चालू नका.

बोर्डवर एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) असेल तर त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसीच्या आसपास चार्ज राहतो. दहा मिनिटं थांबा, मग डीसी रेंजवर मोजा. उरलेला असेल तर पाच-दहा किलोओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबला लावून त्यातून उतरवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवायची सवय असेल तर सोडा, त्यात बोर्डची ट्रॅक उडते आणि डोळ्याला धोका वेगळाच.

इथे थांबून बघा: कुलूप लागलं? दुसरी लाईन काढली? कपॅसिटर शून्य? तिन्ही झालं असेल तरच पुढं.

## ३. खरंच बोर्डच गेलाय का

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बदललेले बरेच बोर्ड चांगलेच असतात. डिस्प्ले बंद म्हणून बोर्ड मागवला आणि नंतर कळलं की ट्रान्सफॉर्मरच्या आधीचा काचेचा फ्यूज उडाला होता, असं होतं. ओव्हन तापत नाही म्हणून बोर्ड मागवला आणि दोष दरवाजाच्या स्विचमधे, असंही होतं.

तपासायचा क्रम असा ठेवा. फ्यूज, इमर्जन्सी स्विच, दरवाजाचा स्विच, हाय लिमिट थर्मोस्टॅट ट्रिप झालाय का, कॉन्टॅक्टरची कॉइल ओपन आहे का. मग एसएसआर, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले. एसएसआर गेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातो, म्हणजे ओव्हन सेट टेंपरेचरच्या वर तापतच राहतो आणि लोक म्हणतात कंट्रोलर वेडा झालाय.

सेन्सर नीट तपासायला पाच मिनिटं लागतात, ती द्या. थर्मोकपल असेल तर आधी कंटिन्युटी, काही ओहम आले पाहिजेत, ओपन दाखवला तर सेन्सर गेला. नंतर मीटर मिलिव्होल्टवर ठेवून टोकाला लायटरची धग द्या, आकडा प्लसमधे वाढला पाहिजे. के टाईपला दर डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात, म्हणजे शंभर डिग्रीच्या फरकाला चार मिलिव्होल्टच्या आसपास. पीटी १०० (तापेल तसे ओहम वाढणारा सेन्सर) असेल तर शून्य डिग्रीला १०० ओहम, शंभर डिग्रीला साधारण १३८.५, आणि आपल्याकडच्या तीस डिग्रीच्या दुपारी १११-११२ दिसायला पाहिजेत. तीन वायरच्या पीटी १०० मधे एकाच रंगाच्या दोन वायर आपापसात जवळजवळ शून्य ओहम दाखवतात.

बोर्डचा थर्मोकपल इनपुट चांगला आहे का बघायची सोपी युक्ती: सेन्सर काढा, त्या दोन टर्मिनलमधे तांब्याच्या वायरचा छोटा तुकडा जोडा आणि कंट्रोलर चालू करा. डिस्प्लेवर खोलीच्या आसपासचं टेंपरेचर दिसलं तर इनपुट शाबूत आहे आणि गडबड सेन्सरमधे नाहीतर त्याच्या वायरमधे आहे. यासाठी लाईन परत द्यावी लागते, तर हीटरचे एमसीबी आणि गॅसचा कॉक बंद ठेवूनच द्या आणि झाल्यावर दुसरा टप्पा परत पहिल्यापासून करा. कंटाळा येतो, तरी करा.

हे सगळं चांगलं निघालं, आणि बोर्डवर फुगलेला कपॅसिटर, फुटलेला एमओव्ही (जास्त व्होल्टेज अडवणारा पार्ट), काळी पडलेली ट्रॅक, चिकटलेला रिले असं काही दिसलं, किंवा इनपुट बरोबर असून आउटपुट येत नाही, तर मग बोर्ड.

## ४. बोर्ड कशाने गेला

आता बोर्ड गेलाय हे नक्की झालं. ऑर्डर द्यायच्या आधी त्याला मारणारा सापडला पाहिजे.

एमओव्ही आणि सप्लायचा भाग जळालाय तर जास्त व्होल्टेज, म्हणजे लूज न्यूट्रल किंवा वीज कडाडून आलेला सर्ज. वळवाच्या पावसात, एप्रिल-मेच्या संध्याकाळी, आपल्याकडं हे हमखास. न्यूट्रलचे सगळे जॉइंट आवळा आणि पॅनलमधे चांगला सर्ज प्रोटेक्टर बसवा.

फक्त एक रिले जळालाय तर त्या रिलेवरचं लोड बघा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (स्पाइक गिळणारा छोटा पार्ट) नसेल तर प्रत्येक वेळी कॉइल सुटताना स्पाइक मागं येतो, रिलेचे पॉइंट जळतात, कधी प्रोसेसर हँग होतो. १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स टू कपॅसिटर असलेला तयार स्नबर कॉइलच्या दोन टोकांना लावला की त्रास थांबतो, आणि त्याची किंमत बोर्डपुढं काहीच नाही.

बोर्डवर मैद्याची पांढरी साय बसलीय तर कंट्रोल बॉक्सचा फॅन बघा. मैदा कोरडा असतो तोवर विशेष काही करत नाही, पण जुलै-ऑगस्टमधे आपल्या पावसात तो ओल धरतो आणि पार्टच्या पायांमधून करंट लीक व्हायला लागतो. जाळी चोक, फॅन जाम आणि बॉक्स तापलेला, ही तिन्ही एकत्रच सापडतात.

वेल्डिंगचं मुद्दाम वेगळं सांगतो. ट्रॉलीचं चाक तुटलं, दरवाजाची बिजागरी निघाली की आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरातून फॅब्रिकेटर येतो आणि जागेवरच वेल्डिंग मारतो, अर्थचा क्लॅम्प ओव्हनच्या बॉडीला कुठंतरी लावून. तो करंट मिळेल त्या वाटेने परत जातो आणि त्या वाटेत तुमचा बोर्ड असतो. एका बेकरीत असंच बघितलं, संध्याकाळी बिजागरी जोडली आणि पहाटे पावाच्या पहिल्या घाण्याला कंट्रोलर मेलेला, आणि दोष दिला महावितरणला. ट्रॉली बाहेर काढून वेल्ड करा. ओव्हनलाच करायचं असेल तर लाईन तोडा, बोर्डचे सगळे कनेक्टर काढा आणि क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा.

तसंच मेगरचं. हीटरचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासणं बरोबरच आहे, पण बोर्ड जोडलेला असताना मेगर मारला तर हीटरचा निकाल मिळतो आणि बोर्डचाही लागतो. आधी बोर्ड वेगळा करा.

आणि पुराचं पाणी. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडं दुकानांत पाणी शिरलं तेव्हा अनेकांनी मशीन वाळवून थेट स्विच दाबले. भिजलेला बोर्ड वरून वाळलेला दिसतो, पण कनेक्टरमधे आणि आयसीच्या खाली गाळ राहतो. असा बोर्ड लाईन न देता काढून धुवून-वाळवून तपासायला द्या, आणि गॅस बर्नरचा कंट्रोल बॉक्स भिजला असेल तर तो सरळ बदला.

## ५. मागवताना

ओव्हनच्या नेमप्लेटचा फोटो, बोर्डवरच्या स्टिकरचा फोटो, बोर्डच्या दोन्ही बाजूंचे फोटो, एवढं पाठवा. मॉडेल एकच असलं तरी इलेक्ट्रिकचा बोर्ड वेगळा, गॅसचा वेगळा, आणि पार्ट नंबरच्या शेवटचं रिव्हिजनचं अक्षर बदललं की कनेक्टर तोच पण पिन वेगळ्या असं होऊ शकतं. डिस्प्ले आणि पॉवर बोर्ड वेगवेगळे असतील तर नव्या पॉवर बोर्डवर जुना डिस्प्ले चालतो का हे पैसे भरायच्या आधी विचारा.

दिवाळीच्या तोंडावर, घरोघरची नानकटाई भाजायला यायला लागली की बोर्डसाठी पुण्या-मुंबईच्या पार्सलची वाट बघत बसणं परवडत नाही. एकच ओव्हन असेल तर गणपतीच्या आधीच एक स्पेअर घेऊन ठेवा.

## ६. स्टॅटिक: दिसत नाही म्हणून नाही असं नाही

कोल्हापूरची हवा दमट, इथं कसलं स्टॅटिक, असं बरेच जण म्हणतात. पण ओव्हनच्या आजूबाजूची हवा तापून कोरडी झालेली असते, अंगात टेरिकॉटचा शर्ट, पायात रबरी चप्पल, आणि शेजारी थर्मोकोलचं पॅकिंग. आपल्याला झटका जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढं. बोर्डवरचे काही पार्ट शंभर-दोनशे व्होल्टलाच जखमी होतात, म्हणजे तुम्हाला काही कळायच्या आत काम झालेलं असतं. वाईट असं की बोर्ड लगेच मरेलच असं नाही, तो चालू होतो, दोन-तीन आठवडे चालतो आणि मग जातो.

त्यासाठी रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे वायरने अर्थला जोडायचा मनगटाचा पट्टा घ्या, महाग नसतो. क्लिप ओव्हनच्या बॉडीला, रंग नसलेल्या जागी, अर्थिंग जोडलेलं असताना लावायची. स्ट्रॅपच्या वायरमधे एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो तुमच्या जिवासाठी आहे, म्हणून त्याच्या जागी मनगटाला उघडी तार गुंडाळायचा जुगाड करू नका. लाईन चालू असताना स्ट्रॅप घालून काम करायचं नाही, चुकूनही.

बोर्ड चंदेरी पिशवीत येतो, तो जुन्याशी जुळवून बसवायची वेळ येईपर्यंत त्यातच राहू द्या. गुलाबी पिशवी स्वतः स्टॅटिक तयार करत नाही पण बाहेरचा झटका अडवत नाही, दोन्ही सारख्या समजू नका. पावसाळ्यात पार्सल गार-ओलं आलं असेल तर न उघडता दोन-तीन तास खोलीत ठेवा, नाहीतर बोर्डवर दव धरतं.

बोर्ड कडेला धरा. पार्टना, कनेक्टरच्या पिनांना, सोन्याच्या पट्टीला बोट लावू नका, त्यातून बेकरीत हाताला तूप-डालडा असतोच, हात धुवून पुसून घ्या. आणि बोर्ड ठेवायला जवळ दिसला म्हणून बेकिंगचा ट्रे घेऊ नका. पत्र्यावर बोर्ड ठेवला की मागच्या पिना शॉर्ट होतात, घड्याळाची बॅटरी असलेला बोर्ड तर तिथंच बिघडू शकतो.

## ७. काढणं आणि बसवणं

एक कनेक्टर, एक लेबल. मास्किंग टेपच्या पट्टीवर तोच नंबर वायरला आणि तोच कनेक्टरच्या जागेला, मग फोटो, मगच पुढचा कनेक्टर. सगळे एकदम उपटून नंतर फोटो बघून जोडू असं म्हणणारा माणूस फोटोत दोन पांढऱ्या वायर बघून अडकतो.

ओढायचं ते प्लास्टिकच्या बॉडीला धरून, वायरला धरून नाही. कनेक्टरच्या लॉकची कड आधी दाबा. फ्लॅट रिबन केबल असेल तर तिच्या सॉकेटला बारीक लॉक असतं, ते नखाने अलगद सोडा, केबल सरळ ओढा. लग (वायरच्या टोकाचे धातूचे तुकडे) काळे पडलेत, ढिले झालेत तर आत्ताच कापून नवे क्रिंप करा, कारण ढिला लग तापतो आणि तापलेला लग नव्या बोर्डचं टर्मिनल जाळतो.

जुना बोर्ड निघाला की दोन्ही शेजारी ठेवा, नवा अजून पिशवीवरच, आणि जंपर, डिप स्विच, फ्यूजचं रेटिंग एकेक जुळवून बघा. बोर्डमागे प्लास्टिकचा इन्सुलेशन शीट होता का, कुठल्या खुंट्या प्लास्टिकच्या होत्या आणि कुठली धातूची, हे तसंच परत गेलं पाहिजे. प्लास्टिकच्या जागी हाताला लागला म्हणून धातूचा स्क्रू टाकला की ट्रॅक बॉडीला टेकते. हीटसिंक असेल तर जुनी पेस्ट पुसून नवी पातळ लावा. स्क्रू आधी सगळे अर्धे, मग समोरासमोरचे आवळा. बोर्ड वाकला की सोल्डर तडकतो.

थर्मोकपलची उलटी वायर: इथं चुकलं तर ओव्हन पेटू शकतो. वायर उलट लागली की ओव्हन तापेल तसा आकडा खाली जातो, कंट्रोलरला वाटतं अजून गारच आहे आणि तो हीटर चालूच ठेवतो. रंगावर डोळे झाकून जाऊ नका. के टाईपला अमेरिकन पद्धतीत पिवळा प्लस, लाल मायनस, आणि आयईसी पद्धतीत हिरवा प्लस, पांढरा मायनस. लाल म्हणजे प्लस ही आपली सवय इथं नेमकी उलटी पडते. तिसऱ्या टप्प्यातली लायटरची तपासणी करून प्लस कुठला ते खात्रीने ठरवा. थर्मोकपलची वायर तुटली तर साध्या तांब्याच्या वायरने जोड द्यायचा नाही, त्याच टाईपची वायर वापरा.

## ८. पहिली लाईन, हीटर न देता

हीटरचे एमसीबी बंद, गॅसचा कॉक बंद. बोर्डचा सप्लाय ६० किंवा १०० वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बमधून सिरीजने द्या, एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा अगदी मंद राहिला तर ठीक, भगभगीत पेटला तर कुठंतरी शॉर्ट आहे, लाईन काढा आणि शोधा. बोर्ड वाचला.

ठीक असेल तर बल्ब काढून थेट सप्लाय द्या, सेन्सरचा प्रकार आणि बाकी सेटिंग फोटो बघून भरा. डिस्प्लेवर खोलीचं टेंपरेचर दिसलं पाहिजे. दरवाजा उघडा-बंद करा, लाईट, फॅन, कॉन्टॅक्टरचा आवाज, सगळं एकेक करून बघा. थ्री फेजच्या वायर हलवल्या असतील तर फॅन आणि ट्रॉली बरोबर दिशेने फिरतात का तेही बघा, फॅन उलटा फिरला तरी हवा थोडी येतेच आणि मग माल एका बाजूला पांढरा राहतो म्हणून लोक महिनाभर शोधत बसतात.

## ९. गरम करून बघा, माल न घालता

आधी १०० डिग्री लावा. वेगळा थर्मामीटर आत ठेवून दोन्ही आकडे ताडून बघा, क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट सारखा आहे का बघा. आकडा वर जातोय हे पहिल्या दोन मिनिटांत डोळ्याने बघायचं, चहाला जायचं नाही. मग नेहमीच्या टेंपरेचरला नेऊन तासभर चालवा. सेटला पोचल्यावर कॉन्टॅक्टर सुटतो का आणि सुटल्यावर हीटरचा करंट खरंच शून्य होतो का, हे क्लॅम्पने बघा. हाय लिमिट थर्मोस्टॅट तात्पुरता खाली आणून तो खरंच तोडतो हे बघा आणि परत जागेवर न्या.

गॅसच्या ओव्हनला कॉक उघडल्यावर जॉइंटला साबणाचं पाणी. फेज आणि न्यूट्रल उलट झाले तर बऱ्याच बर्नरना आयनायझेशनने (ज्योतीतून जाणाऱ्या बारीक करंटने) ज्योत ओळखता येत नाही, पेटतो आणि लगेच लॉकआउट, म्हणजे स्वतःच बंद होऊन अडकतो. अशा वेळी रिसेट दाबत राहू नका, न जळलेला गॅस आत साठतो. पाच मिनिटं हवा जाऊ द्या आणि वायरिंग बघा. फ्लेम सेन्सर बायपास करून बर्नर चालवायचा नाही, मालक कितीही मागं लागला तरी.

## १०. जुना बोर्ड

वॉरंटीत असेल तर नव्याच्या पिशवीत घालून परत पाठवा. नसेल आणि फक्त रिले किंवा कपॅसिटर गेला असेल तर दुरुस्त करून स्पेअर ठेवता येतो, त्यावर तारीख आणि काय बदललं ते लिहा. गॅस बर्नरचा इग्निशन बोर्ड मात्र दुरुस्त करून वापरू नका. अगदीच कामातून गेलेला बोर्ड भंगारात देऊ नका, ते लोक तांब्यासाठी जाळतात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे द्या.

सेटिंगच्या फोटोंची एक प्रिंट प्लास्टिकमधे घालून कंट्रोल बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा, आणि आठवड्याने लाईन तोडून सगळे टर्मिनल परत एकदा आवळा.